शांताचा वाद

चक्कीचा पट्टा धडधडत होता, आप्पांच्या भुवयांवर पीठ बसलं होतं, आणि नेमका तेव्हाच केजहून धर्मराज सरांचा फोन आला. सर तिथल्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवतात. म्हणजे पोरं आली तर शिकवतात. आप्पा गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष, आणि त्याच दिवशी पाचला तालुक्याच्या करिष्मा मॅडम गाव बघायला येणार होत्या. भांडण दिसलं नाही तर तंटामुक्तीची ढाल जागच्या जागी आप्पांच्या हातात. गेल्या वर्षी मॅडमच्या जीपपुढेच दोन ट्रॅक्टरवाले वाटेवरून भिडले होते आणि ढाल आली तशी जीपमधून परत गेली होती. तेव्हापासून बिचाऱ्या आप्पांना जेवण गोड लागत नव्हतं.

“आप्पा, आज संध्याकाळी समाजमंदिर पाहिजे,” सर म्हणाले. “युद्धाबद्दलचे तीन वाद मांडायचेत गावापुढं. शांततावाद, वास्तववाद, आणि शेवटी न्याय्य युद्ध.”

निम्मं चक्कीनं गिळलं. आप्पांच्या कानात जे शिरलं ते असं: शांताचा वाद, वस्तीवरचा वाद, आणि शेवटी न्यायालय.

“आजच कावून?” आप्पा ओरडले. “लई जुने हायेत का?”

“जुने? अडीच हजार वर्षं चाललेत! परदेशातल्या लोकांनी केवढं लिहून ठेवलंय!”

फोन कट झाला. आप्पांनी पीठ तिथंच टाकलं आणि मोटारसायकलला किक मारली.

शांताबाई अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. एवढी गरीब बाई गावात दुसरी नाही. कोंबडी घरात शिरली तर तिलासुद्धा “जा गं माय” म्हणून बाहेर काढायच्या.

“शांता, काय आसंल ते मोकळं सांग,” आप्पा म्हणाले. “पाचच्या आत मिटवू.”

“काय मिटवायचं?”

“तुजा वाद.”

“माजा? कुनाशी?”

“ते मला काय म्हाईत? सरांचा फोन आलता. पार परदेशात लिवून गेलंय म्हने.”

शांताबाईंच्या हातातली शेंग हातातच राहिली. कोण असेल? परवा गीताबाईची शेळी त्यांची मेथी खाऊन गेली होती, आणि त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. म्हणजे मेथी यांची गेली, आणि वर वाद गीताबाईनंच टाकला! “आगं बया! गप बसले म्हून माज्यावरच उलटली व्हय?” असं म्हणत त्या तडक उठल्या, गीताबाईच्या दारातली शेळी सोडली आणि आपल्या खुंट्याला आणून बांधली.

आप्पा तोवर वस्तीवर पोचले होते. तिथं मुंजाजी आणि रामेश्वर, शेताला शेत लागून असलेले दोस्त, एकाच बाजेवर बसून चहा पीत होते.

“सरांचा फोन आलता, तुमचा वाद कोर्टात चाललाय,” आप्पा धापा टाकत म्हणाले. “आत्ताच्या आत्ता मिटवा!”

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. मग कपातल्या चहाकडं. मग पुन्हा एकमेकांकडं.

“रामेश्वर, तू कोर्टात गेलतास बे?”

“म्या कशाला जातो? तूच गेलता आसशील! बांध कोरलाय तू, म्हून आधीच पळाला!”

“बांध म्या कोरला?”

चहा बाजेवरच सांडला. आप्पा मध्ये पडायला गेले, तर दोघांनीही त्यांना “तुमी सरका” म्हणून बाजूला केलं.

पाचला सर माईक घेऊन समाजमंदिरात आले. गावात व्याख्यानाला चार डोकी जमली तरी पुष्कळ, असा त्यांचा अनुभव. इथं तर दाराशी चार माणसं आधीच एकमेकांच्या गळ्यापर्यंत आलेली! सगळ्यांचा एकच प्रश्न: “सर, आमचं नाव कुनी सांगितलं?”

सरांनी आप्पांना बाजूला घेतलं. दोन मिनिटांत सगळा उलगडा झाला.

“आहो आप्पा, शांतता! शांतता-वाद! शांताबाई नव्हे!”

आप्पा मटकन पायरीवर बसले. “म्हंजे गावात भांडन नव्हतंच?”

“नव्हतं.”

“अन् आता?”

सरांनी दाराकडं पाहिलं. “आता आहे. एक विचारवंत म्हणतातच, माणूस रागानं कमी लढतो आणि समोरचा आधी मारेल या भीतीनं जास्त.”

“त्यो इचारवंत ऱ्हाऊ द्या सर! जीप आली!”

मॅडम उतरल्या त्या थेट गोंधळात. शेळी ओरडतेय, कोंबडी फडफडतेय, मुंजाजीनं रामेश्वरची गचांडी धरलेली. “हे काय चाललंय?” त्यांनी विचारलं. सर पुढं झाले. खोटं बोलायचं म्हटलं की सरांना उचकी लागते, हे सगळ्या गावाला ठाऊक. आप्पांनी डोळे मिटून घेतले.

“युद्धाविषयीचे तीन वाद आहेत, मॅडम,” सर म्हणाले. “मीच फोन करून ठरवले होते.”

उचकी आली नाही. शब्दन् शब्द खरा होता.

“म्या कुनाला बोटबी लावलं न्हाई!” शांताबाई ओरडल्या. “शेळीला पाला बी घातलाय!”

“हा शांततावाद,” सर म्हणाले.

“बांधावर कसला न्याय? ज्याच्यात जोर, त्याचा बांध!” मुंजाजी गरजला.

“हा वास्तववाद.”

“आधी तिनं शेळी नेली, मंग म्या कोंबडी नेली!” गीताबाईंनी काखेतली कोंबडी वर धरली. “अन् एकच नेली! जास्त न्हाई!”

“हे न्याय्य युद्ध,” सर म्हणाले, आणि त्यांनी गीताबाईंना हातच जोडले. एवढ्या वर्षांत वर्गात हे कुणाला इतकं स्वच्छ कळलं नव्हतं.

मॅडम टाळ्या वाजवायला लागल्या. “अवघड विषय काय छान नाट्यातून मांडलाय हो!” त्यांनी फोटो काढले, जीपमधून ढाल आणवली, आप्पांच्या हातात दिली आणि धुरळा उडवत निघून गेल्या.

आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. “आता ही आमच्या बैठकीत लावतो,” ते म्हणाले.

“तुमच्या बैठकीत कावून?” शांताबाईंनी विचारलं.

“तर काय!” गीताबाई त्यांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. “भांडलो आमी, अन् ढाल तुमच्या घरी?”

मुंजाजीनं ढालीची एक कड धरली. दुसरी कड रामेश्वरनं धरली. दोघांची नजरानजर झाली, आणि दोघांनी मिळून ओढायला सुरुवात केली.

“सर, बघा की!” आप्पा कळवळले.

“बघतोय ना. चौघं एक झाले. तंटा मिटला.”

“मिटला कुटं? समदा माज्यावर आला!”

“मग घट्ट धरा, आप्पा,” सर माईक गुंडाळत म्हणाले. “ढाल त्यासाठीच असते.”