अकरा पिल्लांचे लाल पाय

उज्ज्वलाच्या कोंबडीनं अकरा अंड्यांतून अकरा पिल्लं काढली आणि दुसऱ्याच दिवशी उज्ज्वलाला भावाच्या साखरपुड्यासाठी फुलसावंगीला जावं लागलं. पिल्लं बघायला घरात सासू लालीबाई होतीच, पण सासरे मध्येच बोलून बसले, "मी हाय ना! अख्खा तांडा सांभाळतो, अकरा पिल्लं कायची गोष्ट?"

सासरे पूनमसिंग म्हणजे बंजारा तांड्याचे नायक, वस्तीचे प्रमुख. भांडण कोणाचंही असो, निवाडा त्यांचा, आणि चूक लपवणाऱ्याला दंड दुप्पट. सुनेनं मात्र त्यांच्या भरवशावर काही सोडण्याची ही पहिलीच वेळ होती. "मामाजी, डाल्याखालचं पोतं तेवढं काढू नोका," एवढं बजावून ती एसटीत बसली.

पोतं तासाभरात घाण झालं आणि नायकांना घाण खपत नाही. त्यांनी ते काढून आपल्या वाढदिवसाचा फ्लेक्स अंथरला. चकचकीत, ओल्या फडक्यानं पुसला की साफ!

सकाळी डालं उचललं तर एक पिल्लू पोटावर पसरलेलं, दोन पाय दोन दिशांना. उठायचं आणि पुन्हा सपशेल घसरायचं. पूनमसिंगांनी शोधाशोध केली. मोबाइलवर एका बाईंचा व्हिडिओ सापडला. जमीन गुळगुळीत असली की पिल्लांचे पाय फाकतात, त्या सांगत होत्या. मध्ये थोडं अंतर ठेवून पाय सैल बांधा, दोन-तीन दिवसांत सुधारतात. यातलं पहिलं वाक्य नायकांनी दोनदा ऐकलं. मग इकडंतिकडं पाहत फ्लेक्स गुंडाळला, कोठीत सारला आणि पोतं झटकून परत अंथरलं.

"लाले, दोरा दे."

"कायले?" लालीबाईनं विचारलं.

"दे म्हणलं तं दे."

तिच्या कशिद्याच्या डब्यातला लालभडक दोरा मिळाला. पिल्लू बांधलं, ते डुगडुगत उभं राहिलं आणि नायकांची छाती फुगली. पण लाल रंग दिसताच बाकीची दहा पिल्लं खाऊ समजून त्याच्या पायांवर तुटून पडली.

"अवो, टोचून मारतीन ना त्याले! वेगळं ठेवा."

"वेगळं? म्हणजे वाळीत टाकू?" नायक उखडले. "माह्या तांड्यात ते बंद हाय. सगळ्याइले सारखाच दोरा!"

दुपारपर्यंत अकराही पिल्लांच्या पायांत लाल दोरा पडला. आता प्रत्येक जण दुसऱ्याचा पाय टोचायला धावायचा आणि पोहोचायच्या आत तोंडावर पडायचा. कोंबडी आपल्या लेकरांकडे परक्यासारखी बघू लागली. दोरे सोडावेत म्हणून पूनमसिंग खाली बसले आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की मूळचं दुखणाईत कोणतं, तेच आता कळत नाही.

"तुमालेच मोठा न्याय करायची हौस," लालीबाई म्हणाली आणि भाकरी थापायला गेली.

संध्याकाळच्या एसटीनं उज्ज्वला आली. पिशवी खाली न ठेवताच तिनं डाल्यात पाहिलं.

"मामाजी, हे काय करून ठेवलं?"

तिनं कात्री आणली आणि एकेक दोरा कापू लागली. सुटलेलं पिल्लू पोत्यावरून तुरुतुरु पळायचं. असं आठ वेळा झालं. नववं सुटलं आणि दोन पावलांत फतकल मारून बसलं.

"तेच! तेच ते!" पूनमसिंग टाळी वाजवून ओरडले. सुनेनं वर पाहिलं तसा त्यांचा हात हवेतच थांबला.

ते तसं पडलं ते त्यांच्यामुळे. त्यांना मनापासून लाज वाटली. "पोरी," ते हळूच म्हणाले, "पोतं म्याच काढलतं. फ्लेक्स टाकलता खाली. वरून लपवलाही."

उज्ज्वलानं उरलेल्या दोघांचे दोरे कापले. मग त्या पिल्लाच्या पायांना पांढऱ्या चिकटपट्टीची सैल बेडी घातली, वर पोत्याच्याच रंगाची चिंधी गुंडाळली आणि ते सासऱ्यांच्या तळहातावर ठेवलं. एवढुसं अंग, पण हाताला धकधक लागत होती.

"दंड होईन, मामाजी," ती गंभीरपणे म्हणाली. "हे बरं होईपर्यंत दोन दिवस इथंच बसा. दाणा-पाणी तुमच्याच हातानं."

नायकांनी पिल्लावरची नजर काढली नाही.

"म्या लपवलं होतं नं," ते म्हणाले, "मंग दुप्पट कर."