एका गल्लीत पाच इस्त्र्या

चौथीत मास्तरांनी मला दोनदा बसवलं, तरी भागाकार माझा पक्का! त्या भागाकाराच्या जोरावर मी एका माणसाला महिन्याभरात दुकानासकट घडी घालून कपाटात ठेवणार होते. ऐकाच.

वीस वर्षं आमच्या गल्लीत इस्त्रीचं दुकान एकच, माझं. चुरगळलेली कॉलर बघून मी सांगते, या घरात कालपासून अबोला आहे! अशा माझ्या राज्यात, बरोब्बर समोर, एका सकाळी नवी पाटी लागली. दुकानदार कसला, तर गळ्यात टाय बांधून लोकांच्या पँटी दाबणारा! मी त्याचं नाव टायवालाच ठेवलं.

जावईबापू घरी आले होते. ते कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतात. म्हणजे दुकान कसं चालतं, ते ज्यांचं दुकान नाही त्यांना सांगतात.

"चांगलंच झालं की, आई! दुकानं वाढली की भाव उतरतात. समाजाचं कल्याण होतं."

"आणि मी कुठल्या समाजात मोडते, जावईबापू?"

त्यांनी घाईघाईने चहाचा कप तोंडाला लावला. भाजलं! बरं झालं.

भांडी घासताना मी हिशोब मांडला. दुकानं दोन, तर गल्लीतले निम्मे कपडे टायवाल्याला. पण दुकानं पाच झाली, तर त्याला पाचवा हिस्सा आणि चार हिस्से आमच्या घरात! दुसऱ्याच दिवशी आमच्या ह्यांना ओट्यावर बसवलं, सूनबाईला खिडकीत, धाकट्या दिरांना जिन्याखाली. चौघांच्या चार पाट्या.

आता गंमत बघा. दुकानं पाच झाली, पण लोकांना अंगं एकेकच राहिली!

दिरांनी शर्टामागे एक बटण फुकट लावायला घेतलं. ज्यांनी जन्मात स्वतःच्या हाताने पाणी घेतलं नाही, ते आमचे हे घरपोच कपडे द्यायला लागले. आणि सूनबाईने भाव निम्म्यावर आणला!

"अगं, सासूच्या पोटावर पाय देतेस?"

"आई, धंद्यात नातं बघायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत."

शिकवलं होतं खरं. तेव्हा ती माझ्याकडे कामाला होती.

पण टायवाल्यासमोर रिकामं बसणं म्हणजे नाक कापून घेणं. मी हुकूम काढला, इस्त्री दिवसभर तापलेली पाहिजे आणि टेबलावर कापड पाहिजेच! मग आमच्या घरातली फुलांची चादर फिरायला लागली. माझ्याकडून सूनबाईकडे, तिच्याकडून दिरांकडे, तिथून ह्यांच्याकडे, संध्याकाळी घरी. तीन आठवड्यांत ती इतकी झिजली की पांघरून पेपर वाचावा!

टायवाला रोज बघायचा. एकदा विचारलंच त्याने. "मावशी, इस्त्र्या बंदच करत नाही तुम्ही?"

"नाही! जळतंय का काही?"

"अजून नाही," म्हणाला, आणि वहीत काहीतरी टिपलं.

इकडे समाजाच्या कल्याणाला ऊत आला होता. बँकेतल्या कारकुनाने पँट कुठल्या दुकानात टाकली तेच तो विसरला. पाची दुकानं पालथी घालायला बिचाऱ्याने अर्धी रजा काढली. पूर्वी खिडकीतून हाक मारली की मी पँट वर फेकत होते! जावईबापू हे सगळं बघून मान डोलवत म्हणाले, "बघा आई, नवं दुकान नवं गिऱ्हाईक आणत नाही, शेजाऱ्याचंच ओढतं. आपल्याला काय मिळालं ते मोजतं, शेजाऱ्याचं काय गेलं ते मोजत नाही. अशी दुकानं जास्त झाली, तर नुकसान सगळ्यांचंच."

"मग आधी कल्याण कल्याण कशाला करत होतात?"

"तो पहिला धडा होता, आई. हा सातवा."

तेवढ्यात समोर शिडी लागली. टायवाला स्वतःच्या हाताने पाटी उतरवत होता! काय सांगू, मी गल्लीतून अशी चालले, जणू निवडणूकच जिंकली! माझी गल्ली मला परत मिळाली!

दुसऱ्या दिवशी माझ्या इस्त्रीतून धूर आला आणि ती थंड पडली. दुपारी दिरांची गेली. मग सूनबाईची, मग ह्यांची. महिनाभर विश्रांती नाही, दुसरं काय होणार?

चार दिवसांनी समोर नवी पाटी चढली: 'इस्त्र्या दुरुस्त करून मिळतील.' अख्ख्या गल्लीत एकच दुकान! समोर आमचंच घर रांगेत. भाव विचारला, तर सांगतो कसा, "भाव एकच, मावशी. आणि तुमचा नंबर चौथा. सूनबाई आधी आल्यात."

मी वीस वर्षांची मालकीण, बंद इस्त्री छातीशी धरून उभी. शेजारी आमचे हे. हळूच माझ्या कानाशी लागले, "अगं, दुरुस्तीची पण चार दुकानं टाकूया का आपण?"

इस्त्री थंड होती म्हणून वाचले!