सासऱ्यांना गाडीत बसवून देताना

माणसाला गाडीत बसवून देण्यात माझा हात धरणारं आमच्या घरात कुणी नाही. त्यामुळे महिनाभर शहरात आमच्याकडे राहून सासरे समुद्राकाठच्या मेहुणीकडे परत निघाले, तेव्हा त्यांना सकाळच्या एक्सप्रेसवर सोडायचं काम मी मागून घेतलं.

"बाबांना ऐकू कमी येतं. जागेवर बसवल्याशिवाय उतरू नका," बायकोनं बजावलं.

बसवलं. पण त्यांची बॅग सीटखाली जाईना. माझा मोबाईल त्यांच्या हातात दिला आणि गुडघे टेकून बॅगेशी झुंजू लागलो. शेवटी बॅग सरकली. तिच्याबरोबर गाडीही सरकली!

वर पाहतो तर जागा रिकामी. सासरे खाली फलाटावर, एका हातात माझा मोबाईल, दुसऱ्या हातात नुकतंच घेतलेलं वर्तमानपत्र. मला पाहून त्यांनी सावकाश हात हलवला. जणू मलाच पोचवायला आले होते.

गर्दीतून दारापर्यंत पोचेस्तोवर फलाट संपला. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या बॅगेत, आणि आमच्या नव्या घराचा पत्ता महिनाभरातही त्यांना पाठ झालेला नाही.

"तिकीट?" तपासनीस समोर उभा.

"सासऱ्यांचं आहे."

"सासरे कुठे?"

"फलाटावर."

"मग तुम्ही इथे काय करताय?"

प्रश्न रास्त होता. मी दंड भरला; गाडी आता थेट समुद्राकाठीच थांबणार होती.

समोरच्या सीटवर गणवेशातल्या एक नर्सबाई होत्या, त्यांना माझी दया आली. त्यांनी आपला फोन दिला. बायकोचा नंबर माझ्या मोबाईलला पाठ, मला नाही. मला येत होता फक्त माझा स्वतःचा. तोच लावला.

"बाबा, मी बोलतोय, मी!"

"जावई नाहीत. ते समुद्रावर गेलेत," सासरे म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

लगेच बोगदा आला. मग दुसरा. फोनची रेंजच गेली. प्रत्येक अंधारात मला सासरे नव्या चौकात हरवलेले दिसू लागले. कुठे रस्ता ओलांडताना, कुठे भोवळ येऊन फूटपाथवर बसलेले. मी रुमालानं सारखं कपाळ पुसत राहिलो. नर्सबाईंनी न विचारताच माझी नाडी धरली आणि पाणी पुढे केलं.

दोन तासांनी नर्सबाईंचा फोन वाजला. बायको होती.

"गाडी सुटली का विचारायला तुम्हाला फोन केला, तो बाबांनी उचलला. मीच स्टेशनवर जाऊन घेऊन आले त्यांना. हा नंबर तुमच्या मोबाईलमध्येच दिसला. नव्या गोळ्या आणल्या, जेवून झोपलेत."

"देवासारखी धावलीस."

"हं."

एवढंच. एकोणीस वर्षांच्या संसारात ती ओरडली की मी निर्धास्त असतो. त्या 'हं'नं मात्र उरलेला सगळा प्रवास मी सीटच्या काठावर बसून काढला.

दुसऱ्या दिवशी त्याच एक्सप्रेसनं सासरे एकटे आले. मेहुणी आणि मी उतरवून घ्यायला गेलो होतो. ताजेतवाने उतरले.

मेहुणीनं त्यांच्या कानाशी जाऊन विचारलं, "बाबा, एकट्यानं त्रास नाही ना झाला?"

"छे गं," सासरे म्हणाले, "या वेळी सोडायला जावई नव्हते."