स्वल्प थांब, बघून सांगतो

"एका माणसाचं ऐकून डोसा खाऊ नये," डॉक्टर जाधव मला पहिल्याच भेटीत म्हणाले.

आम्ही नोकरीसाठी नागपूरहून बेंगळुरूला आलो होतो आणि मल्लेश्वरममध्ये त्यांच्या घराचा खालचा मजला भाड्यानं घेतला होता. सामान अजून खोक्यांतच होतं. ऑफिसातल्या एकानं जवळचं एक हॉटेल सुचवलंय, एवढंच मी बोललो आणि उलटतपासणी सुरू झाली. तो तिथं शेवटचा कधी खाऊन आला? आणखी कुठं कुठं खाऊन बघितलं त्यानं? हॉटेलवाला त्याचा कोण लागतो? तो मागच्या वर्षी गेला होता हे कळल्यावर "जुनं झालं ते," म्हणून त्यांनी विषय मिटवला. माझी बायको रसिका तोंडाला ओढणी लावून हसत होती.

जाधवांच्या कितीतरी पिढ्या इथंच गेल्या. त्यांच्या मराठीत मधूनच कानडी शब्द येतात आणि सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणते. मेडिकल कॉलेजात शिकवून निवृत्त झालेले. पत्नी गेल्यापासून वरच्या मजल्यावर एकटेच राहतात. कुठल्याही औषधाबद्दल विचारा, उत्तर एकच: "स्वल्प थांब, बघून सांगतो." उभा जन्म डॉक्टरकीत गेलेला माणूस 'थांब' म्हणतो, याचं लोकांना नवल वाटे. काहींना तर यांना येत नाही असंच वाटे.

हे 'बघणं' म्हणजे काय, ते मी एकदा पाहिलं. त्यांच्याबरोबर फिरायला जाणारे शिंदे काका पेपरातली बातमी वाचून गुडघ्यांसाठी कसल्याशा महागड्या गोळ्या घेऊन आले होते. अण्णांनी त्यांना समोर बसवून लॅपटॉप उघडला.

"एका अभ्यासावरून काय कळतंय? ह्या प्रश्नावर जगात जेवढे अभ्यास झाले, ते सगळे हुडकून, पारखून, मिळून काय निघतं ते कुणीतरी आधीच लिहून ठेवलेलं असतंय. सिस्टिमॅटिक रिव्ह्यू म्हणतात त्याला. आपण फक्त तो हुडकायचा."

सापडल्यावर वाचायची रीत मात्र उलटी. आधी बघायचं, त्या लोकांनी कधीपर्यंतचे अभ्यास शोधले. मग, खर्च कुणी केला. मग, अभ्यास कच्चे होते की पक्के. निष्कर्ष अगदी शेवटी. "तो आधी वाचला की माणूस बिघडतो," असं अण्णांचं म्हणणं. आणि खर्च गोळ्यांच्या कंपनीचाच निघाला, तर "नवरदेवाच्या आईनं नवरदेवाची तारीफ केल्यासारखं आहे हे," असं म्हणून ते पान पुढं ढकलत. शिंदे काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. पण आता आणल्यात तर संपवतो."

मग आमची सई झाली. काही आठवडे ठीक गेले आणि मग ती रोज संध्याकाळी रडायला लागली. दिवेलागणीला सुरुवात व्हायची ती दोन-तीन तास. मुठी आवळून, लालबुंद होऊन. बालरोगतज्ज्ञांनी नीट तपासून सांगितलं, वजन छान वाढतंय, आजार काही नाही, काही बाळं अशी रडतात, वाढत्या वयाबरोबर थांबेल. पण थांबेपर्यंत काय करायचं? आई फोनवरून घुटी द्यायला सांगत होती. ऑफिसातल्या मित्रानं तर पोटासाठी थेंबांची बाटलीच आणून दिली. "माझ्या मुलाला एका दिवसात फरक पडला," म्हणाला.

ती बाटली घेऊन मी वर गेलो. "अण्णा, हे देऊ का?"

"स्वल्प थांब."

ते तासाभरानं लॅपटॉप घेऊनच खाली आले. सई रडत होती. रसिका तिला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होती. अण्णा रडण्याच्या वरताण आवाज काढून सांगू लागले, "तीन रिव्ह्यू मिळाले. एक फार जुना. दुसऱ्यात खर्च कंपनीचा. तिसरा नीट केलेला आहे. त्यात म्हणतात, ह्या थेंबांनी फरक पडतो असं काही दिसलं नाही."

"म्हणजे उपयोग नाही?" मी ओरडून विचारलं.

"तसं नाही म्हटलं त्यांनी! उपयोग होतो हे दिसलं नाही म्हटलं. दोन्ही वेगळं…"

"अण्णा!" रसिका मध्येच थांबली. तिचे डोळे भरून आले होते. "मला पुरावा नको हो. मला झोप पाहिजे."

अण्णांनी लॅपटॉप मिटून टेबलावर ठेवला, हात धुऊन आले आणि ते हात पुढं केले.

"आण इकडं. तुम्ही दोघं झोपा जावा."

त्या दिवसापासून ते रोज संध्याकाळी यायला लागले. सईला छातीशी धरून अंगणात फेऱ्या घालायचे. ती रडायचीच, पण आम्हाला तासभर पाठ टेकता यायची. बाटली तशीच राहिली. एकदा मला खिडकीतून त्यांचं बोलणं ऐकू आलं. "रड, पुट्टी, रड. आमची पण एक पुट्टी आहे, नात, तिकडं अमेरिकेत. फोनमध्ये बघतो तिला. अजून हातात घेतली नाही."

हळूहळू सईचं रडणं कमी झालं आणि मग थांबलंच. "तुमच्या हाताचा गुण, अण्णा," मी म्हणालो. ते चिडलेच. "वयानं थांबलं ते! मी नसतो तरी थांबलं असतं. उगीच कुणाला सांगत बसू नको."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. दारात अण्णा, इस्त्रीचा शर्ट घालून.

"रडत नाही काय आज?"

"नाही अण्णा. मजेत खेळतेय."

"सरी, बरं. चांगलंच की." एवढं म्हणाले, पण वळले नाहीत. जिन्याच्या कठड्यावर हात ठेवून उभे राहिले.

तेवढ्यात रसिका सईला घेऊन आतून आली. "बरं झालं आलात. हिला जरा घेता का? मला कणीक मळायचीय."

अण्णांनी हात पुढं केले. सई त्यांच्या शर्टाचं बटण धरून हसली आणि ते तिला घेऊन अंगणात उतरले.

मी स्वयंपाकघरात गेलो. कणीक केव्हाच मळून झाकून ठेवलेली होती.