तक्रारशून्य कार्यालय

जिंतूरच्या वीज कंपनीच्या एका उपविभागीय कार्यालयाचे प्रमुख अनंतराव यांच्या मेलबॉक्समध्ये न वाचलेल्या मेलचा ढीग साचला होता. ही बाब अत्यंत गंभीर होती. त्याच सुमारास येलदरीकडच्या एका गावाला वीज देणारी डीपी जळाली आणि पाण्याची मोटार बंद पडून नळाचं पाणी गेलं. ही बाब तेवढी गंभीर नव्हती, कारण वरच्या आढावा बैठकीत तिच्याबद्दल कोणी विचारत नव्हतं.

मेलच्या संकटावर उपाय म्हणून प्रशिक्षण झालं. इनबॉक्स रिकामा ठेवा, मेलला नियम लावा, कॅलेंडरात प्रत्येक कामाला रंगीत चौकोन द्या, असं प्रशिक्षकाने सांगितलं. साहेबांना हुरूप आला. काम करा म्हटलं की यांच्या कपाळाला आठ्या पडतात. कामाची मांडामांड करा म्हटलं की जेवणाची सुट्टीही विसरतात.

"साहेब, 'तक्रार' शब्द असलेला प्रत्येक मेल आपोआप वेगळ्या फोल्डरमध्ये टाकता येतो," संगणकावर बसणाऱ्या राजेश्रीने सांगितलं. "फोल्डरला नाव काय देऊ?"

"निकाली," साहेब म्हणाले. "आणि उत्तरही आपोआप जाऊ द्या. आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले आहे."

संध्याकाळपर्यंत इनबॉक्स लख्ख झाला. पेढे वाटले गेले. दुसऱ्या दिवशी साहेबांनी केबिनमधला एसी बंद असल्याची तक्रार कार्यालयाच्याच मेलवर पाठवली. लगेच उत्तर आलं. ते वाचून साहेबांना खरोखरच गार वाटलं.

त्या आठवड्यात पाणी गेलेल्या गावातून नागुबाई आल्या. गावाच्या पाणी समितीत त्या होत्या. त्यांनी मोबाइल साहेबांपुढे धरला.

"साहेब, तुमी लिवलंय काम झालं. नळाला तर थेंब न्हाई. समद्या बाया नदीहून हंडे आणायल्यात. माजी सून दोन जिवाची हाय, तीबी चढ चढायली. लय भ्या वाटायलंय."

"भेटीची वेळ घेतली होती का?"

"आता समोरच हाव की!"

साहेबांनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. सगळा महिना रंगला होता. सोमवारी मेल कमी करण्याबाबत बैठक, मंगळवारी सोमवारच्या बैठकीचा आढावा, बुधवारी चौकोनांचे रंग निश्चित करणे. मोकळा चौकोन सापडला तो थेट पुढच्या महिन्यात, तोही सुट्टीच्या दिवशी. साहेबांनी तो मोठ्या मनाने नागुबाईंना दिला.

"तवर आमी काय करावं?"

"तोवर मेल करा."

"त्यात काय लिवू?"

"तक्रार लिहा. आमच्याकडे तक्रार राहतच नाही."

हे मात्र खरं होतं. जिल्ह्यात एकही तक्रार शिल्लक नसलेलं कार्यालय हे एकच होतं, म्हणून परभणीला साहेबांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. आपल्या यशाचं श्रेय त्यांनी जनतेच्या समाधानाला दिलं. टाळ्या बऱ्यापैकी पडल्या. त्याच सकाळी नागुबाईंची सून भरल्या हंड्यासकट नदीच्या चढावर घसरली.

या खेपेला नागुबाईंनी मेल केला नाही. मोबाइलसमोर उभ्या राहून त्या एवढंच बोलल्या, "सुनंचं लेकरू पोटातच गेलं. आता तरी डीपी बसवा."

तो व्हिडिओ परभणीपासून सोनपेठपर्यंत ग्रुपाग्रुपांवर फिरला. अनंतरावांनी तो पाहिला नाही. नागुबाईंना दिलेली वेळ अजून यायची होती आणि ठरल्या वेळेआधी काम करणं नियमात बसत नव्हतं.

तुमच्याही ग्रुपवर तो आला होता. तुम्ही तो पाहिलात, हळहळलात, खाली जोडलेल्या हातांचं चित्र टाकलंत आणि पुढच्या मेसेजवर गेलात. डीपीचं पुढे काय झालं, हे काही तुम्ही विचारलं नाहीत. अनंतरावांना तक्रार अशी निकाली काढायला निदान प्रशिक्षण तरी घ्यावं लागलं होतं.