अदमण मापाऱ्याची तुला

अमरावतीच्या कापूसबाजारात माणूस माणसाला भेटला की रामराम घालतो. अदमण मापारी वजन सांगायचा.

"या महाराज! पितृपक्ष मानवला म्हणायचा तुमाले. अडीच शेर चढले!"

आता मी पडलो भिक्षुक. भर बाजारात, यजमानांच्या देखत, माझ्या पोटाचा असा जाहीर पुकारा झाला की माझी काय शोभा व्हायची ते मलाच ठाऊक. पण त्या गृहस्थाला पोच म्हणून नव्हती. लग्नात मामा नवरीला उचलून मांडवात आणायला निघाला की हा मागून ओरडायचा, "मामा, कंबर सांभाळ बाप्पा! सव्वा मण आहे पोरगी!" एकदा एका जाड्या सावकाराची तिरडी उचलली जात होती. हा गर्दीतून पुढे आला, मयताकडे नजर टाकली आणि म्हणाला, "चौघायचं काम नाही. अजून दोघं घ्या, नाहीतं वेशीपाशी टेकवसान." सावकाराचा पोरगा त्याच्या अंगावर धावून गेला. मग वेशीपाशी तिरडी टेकवावी लागली ती गोष्ट वेगळी.

बाजाराच्या मधोमध, तीन बल्ल्यांच्या तिकटीला त्याचा तराजू टांगलेला असे. पारडी एवढी मोठी, की एकेकात बैलसुद्धा मावावा. मापारी स्वतः मात्र कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाटीसारखा. अदमण, म्हणजे अर्धा मण, हे नाव लोकांनी त्याच्या त्या हाडकुळ्या अंगावरूनच ठेवलं असणार, असं मी धरून चाललो होतो. खरं नाव काय ते कोणी सांगत नसे.

मापात मात्र बेटा ब्रह्मदेवाचं ऐकायचा नाही. पारड्याला कापसाचा एक धागा चिकटलेला असला तर तो फुंकरेनं उडवायचा, श्वास रोखायचा, काटा सरळ उभा राहिला की मगच मान हलवायचा. पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, ही सगळ्या मापाऱ्यांची रीत. हा घरीदारी, उठता बसता तसंच मोजायचा. जेवताना भाकरी, नदीवर धोतरं, सगळं "लाभ, दोन, तीन." आणि कोणी म्हणालं, "अदमण, जरा पुन्हा तोल ना," की भडकलाच.

"काहून? दुसऱ्यांदा तोलाले मी काय नवशिका आहे? माह्या तराजूवर माप एकदाच होते!"

ते दिवस कापसाचे होते. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली आणि इकडे आमच्या वऱ्हाडात कापसाला असा भाव आला, की काल लंगोटी लावणारा आज बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या घालू लागला. चहूकडून कापसाच्या बैलबंड्या अमरावतीला लोटल्या. हमाल आले, वेचणाऱ्या बाया आल्या, आणि त्यांच्या पाठोपाठ पटकी आली. माणसं पटापट मेली आणि पोरं बाजारात उरली. ती कापसाच्या गंजीत झोपायची, व्यापाऱ्यांचे नोकर काठ्या घेऊन त्यांना हाकलायचे. एका पावसाळ्यात ओल्या पोत्यांखाली दोन लेकरं तापानं गेली. मी स्वतः पाहिलं आहे.

त्या दिवशी अदमणनं दिवसभर कोणाचं वजन सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात हजर.

"महाराज, पोरायचं घर बांधतो. एक लांब खोली, पुढं पडवी, आंगणात पान्याची हीर. ज्याले मायबाप नाही तो तिथंच राहीन, आन् वेचाले जाणाऱ्या बायाची लेकरं दिवसभर तिथंच खेळतीन."

"आणि पैसा?"

"शेठ लोकायची तुला करतो. कापसानं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अहो, तुलादान म्हणजे आमचा धंदा! यजमानानं पारड्यात बसायचं, त्याच्या भारोभार गूळ नाहीतर धान्य तोलायचं आणि ते दान ब्राह्मणानं न्यायचं, हे माझ्या बापाच्या बापापासून चालत आलेलं. "तुला आणि मापाऱ्यानं करायची? आणि दान पोरांना? मग मी काय करू?"

"तुमी मंत्र म्हना. फुकट."

म्हटले. काय करता! नाही म्हणावं तर हा चौकात माझं वजन सांगत सुटायचा.

पहिली तुला बाजारातल्या सगळ्यात मोठ्या अडत्याची ठरली. त्याला आम्ही सगळे नुसतं शेठजी म्हणायचो. कापूस तेव्हा सोन्याच्या मोलाचा, त्यामुळे शेठजींनी मुहूर्ताच्या आधी आठवडाभर रोज एकादशी धरली. नुसत्या ताकावर होते. तेवढ्यात बातमी आली, की अकोल्याच्या एका शेठनंही आपली तुला याच तराजूवर करायची ठरवली आहे आणि तो शेठजींपेक्षा चांगला जाड आहे. झालं! अमरावतीच्या अब्रूचा प्रश्न आला. शेठजींनी एका रात्रीत सात एकादश्या सोडल्या. सकाळी तुलेला आले तेव्हा त्यांना चालवत नव्हतं, आणि अंगरख्यातून कसला तरी खणखणाट येत होता.

अदमणनं पारड्याला हात लावून धरला. "शेटजी, अंगरखा काढा."

"काहून रे?"

"आत पासरी आहे. वजन हाडामासाचं, लोखंडाचं नाही."

भर बाजारात शेठजींच्या कमरेतून पाच शेरांचं लोखंडी माप निघालं. हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. मी त्याच्या कानात म्हणालो, "अरे गाढवा, पाच शेर कापूस पोरांनाच मिळाला असता ना!" तर म्हणतो कसा, "मिळाला असता. पण खोटा मिळाला असता, महाराज. लेकरायच्या घरात खोटं माप नको."

अकोल्याचे शेठ आले, बसले, जिंकले. बडनेऱ्याचे आले. दर बाजाराला एक तुला होऊ लागली, कापूस विकून विटा येऊ लागल्या, आणि पोरांच्या घराच्या भिंती उभ्या राहिल्या. रोज संध्याकाळी अदमण तिथं जाऊन पोरांना रांगेत बसवायचा, डोक्यांवर हात ठेवत मोजायचा, "लाभ, दोन, तीन," आणि कोणाचं पावशेर उतरलं ते नुसत्या नजरेनं ओळखून त्याच्या ताटात भाकरी वाढायचा. स्वतःची.

आणि तिकडे अमेरिकेतली लढाई संपली.

भाव असा कोसळला, की शेठ लोकांची तोंडं दिसेनात. अदमण समोरून येताना दिसला की दुकानांच्या फळ्या लागायच्या. भिंती उभ्या, वर आभाळ, आणि मृग तोंडावर आलेला. पोरं पुन्हा ओल्या पोत्यांखाली जाणार, हे सगळ्यांना दिसत होतं. अदमणनं मला वजन सांगायचंसुद्धा सोडलं, तेव्हा मला खरी धास्ती बसली.

अशातच एका बाजाराच्या दिवशी भिवा कुंभार छपराच्या कवेलूंनी, म्हणजे कौलांनी, भरलेली बंडी घेऊन तराजूपाशी आला. म्हणाला, "मापारी, कापसाले भाव नाही तं न का असंना. तू बस तराजूत. तुह्या भारोभार कवेलू देतो. उरलेले इकाले नेतो, मलेही घर आहे."

"मापाऱ्यानं तराजूत बसू नाही," अदमण म्हणाला. "मंग तोलन कोन?"

"मी तोलतो," मी म्हणालो. शब्द तोंडातून गेल्यावर माझं मलाच नवल वाटलं.

त्यानं डोक्याचा फेटा काढून ठेवला, हळूच पारड्यात चढला आणि मांडी घालून बसला. पारड्याच्या कडेवरून हात फिरवत तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "पयल्यांदा नाही बसून राहिलो महाराज मी याच्यात. लहान होतो, तवा कोनीतरी मले याच बाजारात टाकून गेलं. म्हाताऱ्या मापाऱ्यानं उचलून याच पारड्यात घातलं. अर्धा मण भरलो. भेदरून नाव सांगता येईना मले. तं तेच नाव झालं."

मी भिवाला कवेलू मांडायची खूण केली.

अंगावर मांस होतं कुठे त्याच्या! बंडीचा कोपराही रिकामा झाला नाही आणि काटा सरळ उभा राहिला. मी "लाभ" म्हणालो. तेवढ्या कवेलूंत गोठासुद्धा शाकारून झाला नसता. पोरं तिकटीपाशी उभी राहून बघत होती.

अदमण पारड्यातून उतरला नाही. त्या एवढ्याशा ढिगाकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं, आणि घसा खाकरून म्हणाला, "महाराज, माप चुकलं."

"कुठे चुकलं? काटा बघ की, सरळ आहे."

"मापारी कोन? तुमी का मी? चुकलं म्हंतो ना. ते कवेलू बाजूले काढा, आन् पुन्हा तोला."

दुकानाच्या फळीआडून शेठजी ओरडले, "अबे, काटा तं बराबर आहे!"

"शेटजी, या ना बाहेर. तुमी बसता का?"

फळी लागली.

भिवा कुंभारानं माझ्याकडे पाहिलं. मी भिवाकडे. मग त्यानं पारड्यातले कवेलू पोरांपुढे काढून ठेवले आणि बंडीतल्या नव्या कवेलूंनी पारडं पुन्हा भरलं. काटा पुन्हा सरळ उभा राहिला.

"चुकलं," अदमण म्हणाला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आवाज मात्र नेहमीसारखाच खेकसत होता. "पुन्हा तोला!"

भिवाची बंडी रिकामी झाली. तोवर मागं कोणी घराकडे पळालं होतं, कोणी टोपल्यात जुने कवेलू भरून आणत होतं. ते एकामागून एक पारड्यात पडत राहिले. तो चुकलं म्हणत राहिला. आणि मी, दर वेळी माप पहिलंच असल्यासारखा, मोठ्यानं म्हणत राहिलो, "लाभ!"