भेवाचा सर्वे

"भेव सांगजो, लय भेव सांगजो!" नागोरावांनी दारातच सुनेला बजावलं. "बोंडअळीच्या सर्वेत आपण खरं बोललो, न् मदत बाजूच्या गावाले गेली. सर्वेत कधी सगळं बेस हाये म्हनाचं नसते!"

लशीची किती भीती वाटते, याचा सर्वे आज गावात होता. कौसल्या गोंधळली. हिवाळाभर खोकून तिचा अश्वजित निम्मा झाला होता. लहान लेकरांसाठी फ्लूची लस त्यांच्या बोरी अरबला येणार, या बातमीने ती सकाळपासून नुसती हवेत होती. पण सासऱ्यापुढे तोंड उघडणार कोण?

यवतमाळहून सर्वेला आलेल्या प्रियंकाताईंनी विचारलं, "लेकराला लस द्यायची भीती वाटते? पाचपैकी किती?"

"पाच," कौसल्या पुटपुटली.

"पाच कायले? दहा लिहा!" नागोराव गरजले. "मले तं झोप नाही येत!"

त्यांचा सल्ला गावभर झाला. शेजारच्या शकुबाई तर थेट सोळावर गेल्या. दुपारी जमलेल्या गावापुढे प्रियंकाताईंनी कपाळाला हात लावला. "आईबापच एवढे घाबरतात, तर लस दुसऱ्या गावाला जाईल."

कौसल्या गर्दीतून पुढे घुसली. सासऱ्याची भीड गेली खड्ड्यात! "ताई, आमी खोटं बोललो जी! मले काही भेव नाही. माह्या पोराले लस पाह्यजे!"

"आमालेबी पाह्यजे!" जमलेलं गाव एका सुरात ओरडलं.

दुसऱ्या दिवशी प्रियंकाताई डॉक्टरांना लशीच्या डब्यासह घेऊन आल्या. ग्रामपंचायतीपुढे ही रांग! डॉक्टरांनी आधी नागोरावांनाच गाठलं.

"आजोबा, दहा म्हणणारे तुम्हीच ना? ही लस मोठ्यांनाही चालते, पहिली सुई तुम्हाला. तुम्हाला बघून गावाची भीती जाईल."

नागोरावांचा चेहरा पांढराफटक पडला. "मले भेव नाही जी! ते खोटंच सांगतलं होतं!"

"भीती नाही? मग अडचणच नाही. बसा!"

आता पळणार कुठे? नागोराव बसले, डोळे मिटले आणि सुई दंडाला लागायच्या आधीच "मेलो वं माय!" अशी आरोळी ठोकून खुर्चीसकट आडवे झाले.

मागची रांग क्षणात पांगली. शकुबाई नातवाला काखोटीला मारून सगळ्यांच्या पुढे पळाल्या. कालचा खोटा सर्वे आज तंतोतंत खरा ठरला.

उरली एकटी कौसल्या. अश्वजित आजोबांकडे बघून खदखदा हसत होता. तिने झटकन त्याची बाही वर केली. आनंद तिच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

"टोचा जी डॉक्टरसाहेब," ती म्हणाली, "मामाजी उठाच्या आत टोचा!"